वाचकांचे प्रश्न : वाचनालयाला मजला चढवायचा की कपाटं उघडायची?

मागच्या अंकात वाचनालयांवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप असं सगळीकडून यायला लागलं. गंमत म्हणजे निम्मी पत्रं वाचकांची नाहीतच, वाचनालयं चालवणाऱ्यांची आहेत. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच घेतलीत. पहिल्यालाच जागा जास्त गेली, कारण तो घोळ मी स्वतः निस्तरलाय.

प्रश्न : ताई, आमच्या शहरातलं वाचनालय दोन वर्षांनी शंभरीत जाईल. दाखल नोंदवहीत ४१ हजार पुस्तकं आहेत, जागा अजिबात उरली नाही, कपाटांवर गठ्ठे रचलेत. आमदारसाहेब वरचा मजला बांधून देतो म्हणतात. कार्यकारिणीत दोन तट पडलेत, एक म्हणतो आलेली लक्ष्मी परत पाठवू नका, दुसरा म्हणतो वाचकच येत नाहीत तर मजला कुणासाठी. कार्यवाह म्हणून मी कुणाचं ऐकू? — एक कार्यवाह, मराठवाडा

सध्या कुणाचंच नका ऐकू, आधी देवघेवीचं रजिस्टर काढा. ४१ हजारांपैकी गेल्या पाच वर्षांत एकदा तरी कुणाच्या घरी गेलेली पुस्तकं किती, एवढंच मोजा. आमच्या वाचनालयात आम्ही हे केलं तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, प्रत्येक पुस्तकाच्या मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायची आणि पाटीत टाकायचं, फिरतं एका पाटीत नि बसून राहिलेलं दुसऱ्या पाटीत, असे आम्ही तिघी दोन उन्हाळे बसलो होतो. एका जाडजूड कादंबरीवरचा शेवटचा शिक्का माझ्या लग्नाच्याही आधीचा होता, आणि तोवर माझी मुलगी दहावीला होती! फिरती पुस्तकं निम्म्याहून कमी निघाली. बाकीची धूळ खात होती असं मात्र कुणी म्हणू नका, आमचा शिपाई ती दर महिन्याला पुसायचा, पगार घेऊन.

तर तुमची अर्धी जागा निर्लेखनातच मिळेल. निर्लेखन म्हणजे पुस्तकं नोंदवहीतून रीतसर बाद करणं. लोकांना हा शब्द ऐकूनच पाप केल्यासारखं वाटतं, म्हणून कसर लागलेली गाइडं आणि एकाच कादंबरीच्या सात-सात प्रती तशाच राहतात. यादी करा, कार्यकारिणीत ठराव घ्या, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कानावर आधी घाला, मगच रद्दीवाल्याला फोन. आणि बाद करायच्या पाटीवर जुन्या पुस्तकांची जाण असलेला एक म्हातारा माणूस बसवाच, कारण फिरत नाही म्हणजे निरुपयोगी असं नाही. तुमच्या गावाच्या नगरपालिकेचे जुने अहवाल, शाळांच्या स्मरणिका, बंद पडलेल्या मासिकांचे बांधीव खंड ही कोण घरी नेणार? पण जगात दुसरीकडे कुठे सापडणारही नाहीत. आमच्याकडे असा एक खंड वजनकाट्यावरून परत आणलाय, रद्दीवाल्यालाच शंका आली म्हणून.

आता मजल्याचं. इंजिनिअरला पहिला प्रश्न भाराचा विचारा. राहत्या घराची खोली आपल्याकडच्या मानकानुसार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून बांधतात, पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६०० किलो धरायचे असतात, तेही रॅक सव्वादोन मीटरपर्यंतच असतील तर, पुढे उंची वाढली की आकडाही वाढतो. ही तिप्पट गोष्ट ठेकेदार स्वतःहून सांगत नाही. लोखंडी कपाटात दुहेरी रांगा लावायची आपली सवय, मग एकेक कपाट तीनशे किलोंच्या घरात जातं. म्हणून जड साठा खालीच राहू द्या आणि वर बसायची जागा करा, वर्तमानपत्रं, मुलांचा विभाग, छोटा कार्यक्रमाचा हॉल. पण मग गुडघे धरून चालणारे तुमचे पेपर वाचणारे आजोबा वर कसे जाणार, तेव्हा पेपर खालीच, मुलं वर. मुलांना जिना म्हणजे खेळच.

आणि वर बसणार कोण? आमदार निधीतून भिंती होतात, पगार होत नाही. वाढीव मजल्याला एक जादा माणूस, लाइटबिल, पंखे, पावसाळ्यात गळती, हे दर महिन्याचं आहे. मी एका वाचनालयात बघितलंय, नवा मजला झाला, उद्घाटन झालं, कोनशिला बसली आणि पुढच्या वर्षी तिथे निवडणुकीचे फलक ठेवलेले. मजला घ्याच, पण वर्षाचा खर्च कुठून येणार हे कागदावर लिहून मग घ्या. कुणी सुचवेल की खालचा गाळा बँकेला किंवा दुकानाला भाड्याने देऊ. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल (बहुतेकांची असते) तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकराराला न्यासांच्या कायद्यातल्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, नंतर बघू म्हणणाऱ्यांचं नंतर काय होतं ते विचारू नका.

शंभरीचं मात्र आत्तापासून धरा. कोलकात्याला केंद्र सरकारचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे, १९७२ पासूनचं. त्यांच्या समान निधी (यात राज्यही वाटा घालतं) आणि असमान निधी (यात राज्याचा वाटा नसतो) अशा दोन तऱ्हेच्या योजना असतात, इमारत, फर्निचर, कॉम्प्युटर, पुस्तकं यांसाठी, आणि ५०, ७५, १०० अशा वर्षांना वेगळी मदत आहे. अर्ज राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, त्याला वेळ लागतो, दोन वर्षं वाटतात तेवढी लांब नाहीत.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. आमच्या लायब्ररीत पुस्तक हवं असेल तर कागदावर नाव लिहून खिडकीत द्यायचं, आतले काका शोधून देतात किंवा 'बाहेर गेलंय' म्हणतात. कपाटापाशी जाऊ का देत नाहीत? — एक वाचक, विदर्भ

चोरीची भीती, बाळा. आणि ती खोटी नाही, पुस्तकं जातात. पण ज्याला काय वाचायचं तेच माहीत नाही तो खिडकीवर काय लिहून देणार? तुझ्यासारखी मुलं एक नाव घेऊन येतात आणि शेजारचं दुसरंच घेऊन जातात, वाचक असाच तयार होतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयाचे पाच नियम सांगून ठेवलेत, त्यातला पहिलाच 'पुस्तकं वापरण्यासाठी असतात' असा आहे, आणि कपाटं वाचकांना मोकळी करा हा आग्रह त्यातूनच आला. आम्ही आधी फक्त कथा-कादंबऱ्यांचा विभाग उघडला. पहिल्या वर्षी काही पुस्तकं गेली, अध्यक्षांनी मला सभेत उभं करून आकडा वाचून दाखवला. मग मी देवघेवीचा आकडा वाचून दाखवला. तुमच्या काकांना एकदम सगळं उघडा म्हणू नकोस, नवीन आलेल्या पुस्तकांचं एक रॅक खिडकीबाहेर ठेवा म्हण, तेवढं ऐकतील.

प्रश्न : अभ्यासिका सुरू केली आणि वाचनालयच दिसेनासं झालं. एमपीएससीची मुलं सकाळी सहापासून रात्रीपर्यंत, जुने वाचक दारातून परत जातात. बंद करावी का? — एक संचालक, पश्चिम महाराष्ट्र

बंद केलीत तर लाइटबिल कोण भरेल ते आधी ठरवा. बऱ्याच शहरांत आज अभ्यासिकेच्या फीवरच वाचनालय उभं आहे, हे मान्य करायला आपल्याला जड जातं इतकंच. ती मुलं तुमच्या छताखाली दिवसाचे बारा तास असतात आणि त्यांच्यातल्या एकाच्याही नावावर पुस्तक नाही, खटकायला हवं ते हे. फीमध्येच महिन्याला एक पुस्तक घरी न्यायची सवलत घाला. अभ्यासाची गाइडं सोडून, हं. आणि दार वेगळं करा शक्य असेल तर, ज्येष्ठ वाचकांना शंभर चपला ओलांडून आत यायला नको वाटतं, खरं कारण बहुतेकदा तेवढंच असतं.

प्रश्न : २६ वर्षं तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, पगार सांगायची लाज वाटते. सरकार लक्ष का देत नाही? — नाव नको

नाव दिलं नाहीत ते बरं केलंत. आपला ग्रंथालय कायदा १९६७ चा, त्यात वाचनालयं चालवायची संस्थांनी आणि सरकारने अनुदान द्यायचं अशी रचना. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान, त्यातलं अर्धं पगाराला नि अर्धं बाकी सगळ्याला, हप्ता येईल तेव्हा येईल. म्हणजे तुमचा पगार तुमच्या कामावर नाही, वाचनालयाच्या वर्गावर ठरतो. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली तेव्हा पेढे वाटलेत आम्ही, पण पायाच इतका लहान की त्याचे ६० टक्के होऊन होऊन किती होणार.

शेजारी बघा. मद्रासने १९४८ च्या कायद्यातच ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठीचा छोटा जादा कर, ठेवला, कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यातही आहे, घरपट्टीबरोबर वसूल होतो, म्हणजे पैसा कुणाच्या मर्जीवर येत नाही. आपल्याकडे उपकर नाही. आणि देशातला पहिला ग्रंथालय कायदा कुठे झाला माहितीये? कोल्हापूर संस्थानात, १९४५ साली! १८२८ मध्ये रत्नागिरीत वाचनालय उघडणाऱ्या, १८४० मध्ये नाशकात आणि १८४८ मध्ये पुण्यात उघडणाऱ्या मुलखाची ही गोष्ट आहे. तुम्हाला याने पगार वाढून मिळणार नाही हे कळतंय मला. पण कार्यकारिणीला एक विचारा, दिवाळी अंकांच्या योजनेचा हिशेब वेगळा ठेवता का. वर्गणी घेऊन ढीगभर अंक सभासदांत फिरवायचे, त्यात धावपळ ग्रंथपालाची असते आणि शिल्लक संस्थेच्या खात्यात जाते. त्या शिलकीतून मानधन ठरावात मांडायला लावा, लेखी. तोंडी कौतुक पुष्कळ झालं.

प्रश्न : वडील गेले. त्यांची सातशे पुस्तकं वाचनालयाला द्यायची आहेत, पण अट एकच, वडिलांच्या नावाचं स्वतंत्र कपाट हवं. दोन वाचनालयांनी नाही म्हटलं. — एक वाचक, ठाणे

मीही नाही म्हटलं असतं, रागावू नका. वेगळं कपाट केलं की ते कुलूपबंद होतं, किल्ली कुणाकडे तरी असते आणि तो माणूस रजेवर असतो. आमच्याकडे अशी तीन कपाटं होती, एकाची किल्ली शेवटपर्यंत सापडली नाही. त्यापेक्षा यादी करून द्या, जी आधीच वाचनालयात आहेत ती त्यांना दुसरीकडे द्यायची मोकळीक द्या, आणि उरलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आत वडिलांच्या नावाची छोटी चिठ्ठी चिकटवायला सांगा. छपाईचा खर्च तुम्ही करा, चिकटवायला एखादा रविवार स्वतः जाऊन बसा, खळ मात्र पातळ करा नाहीतर कसर लागते.