हापूस खा, पण आधी बराखा म्हण

धार्मिक ज्यू व्हायचं म्हणजे जीभ मारायची, असं तू परवा म्हणालास. ते डोक्यातून काढ बाबा. येरुशलेमच्या तालमुदात, म्हणजे आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, तर उलटंच म्हटलंय: डोळ्यांनी पाहिलं पण खाल्लं नाही, अशा प्रत्येक गोष्टीचा हिशोब माणसाला द्यावा लागेल!

तर हंगामातला पहिला हापूस हातात आला की जरा थांब. झाडाच्या फळाची बराखा (देवाच्या स्तुतीची छोटी प्रार्थना) म्हण, शेहेहेयानू ही बराखाही म्हण (या दिवसापर्यंत जगवलंस म्हणून), मग खुशाल कोय चोख. केळ्याला मात्र जमिनीच्या पिकाची बराखा, कारण फळ दिलेलं खोड मरून जातं. मलिद्याच्या, म्हणजे आपल्या बेने इस्रायलींच्या आभारविधीच्या, ताटापाशी मी इथेच कितीदा गडबडलोय. समोर गोड पोहे, खोबरं, फळं, आणि पोटात कावळे.

दिवसाला 100 बराखांचा प्रघात आहे, पण तू सुरुवातीलाच मोजत बसू नकोस. जेवणानंतरचे आभार तेवढे चुकवू नकोस. खा, तृप्त हो आणि देवाचे आभार मान, ही तोराचीच (मोशेच्या पाच पुस्तकांची) आज्ञा. भुकेल्याला देव आठवतोच, ढेकर दिल्यावर आठवतो का बघ.

आणि किद्दूशच्या (शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ हा पवित्र दिवस सुरू होताना पेल्यावर म्हणायची प्रार्थना) शरबताच्या काळ्या मनुका शुक्रवारी सकाळीच भिजत घाल. संध्याकाळी धांदल उडते.