पोट्टे हुशार, पण तोंड उघडत नाहीत

प्रश्न : सर नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी इंग्लिशचा क्लास घेते, बारावी झालेले आणि बीएवाले मिळून २२ जण आहेत. ग्रामर सगळ्यांचं पक्कं, नो सूनर दॅन झोपेतून उठवून विचारा, बरोबर करून देतात, मोबाईलवर इंग्लिश कॉमेंट्री पण ऐकतात. पण बोला म्हटलं की माना खाली. म्हणून हँगमन, शब्दांची साखळी असे गेम घेतले तर एक जण सरळ म्हणाला, "मॅडम, हे त लहान पोट्ट्यायचं हाय." मोठ्यांसाठी कोणते गेम घ्यावे? खर्च करायची ऐपत नाही. आणि खेळताना मधेच वऱ्हाडी सुरू होते, त्याला दंड ठेवू का?
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तो पोट्टा बरोबरच बोलला. हँगमनमधे स्पेलिंग ओळखायचं असतं, बोलायचं काय त्यात! ज्याला इंग्लिश येतं त्याला बोलतं करायचं तर दोनच युक्त्या, एक तर त्याचा नेहमीचा शब्द काढून घ्यायचा, नाहीतर अर्धी माहिती दुसऱ्याकडे ठेवायची म्हणजे विचारल्याशिवाय गत्यंतरच नाही.

पहिल्या युक्तीचा गेम म्हणजे टॅबू. बाजारात १९८९ पासून मिळतो पण विकत कशाला घेता, जुन्या लग्नपत्रिका कापा, मागची बाजू कोरी असते. वर एक शब्द लिहायचा, खाली पाच शब्द जे उच्चारायचेच नाहीत, आणि बाकीच्यांनी वरचा शब्द ओळखायचा. मी एकदा दुष्काळाचा इंग्रजी शब्द दिला, खाली वॉटर, रेन, ड्राय, फार्मर, क्रॉप बंद. वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी उठली, थोडी थांबली आणि म्हणाली, 'द इयर माय अंकल सोल्ड हिज बुलक्स'. पुढच्या सेकंदाला चार जणांनी एकदम ओळखलं. डिक्शनरीतली व्याख्या पाठ करून हे होत नाही.

दुसऱ्या युक्तीचा म्हणजे ॲलिबाय, हा माझा सगळ्यात लाडका. मूळ खेळात बँकेतली चोरी वगैरे असते, आपण विहिरीवरची मोटार चोरीला गेली म्हणायचं. दोन संशयित, त्यांचं म्हणणं की काल रात्री ७ ते ९ आम्ही सोबतच होतो. त्यांना दहा मिनिटं बाहेर व्हरांड्यात पाठवा, गोष्ट जुळवू द्या, तोवर आतल्यांनी पोलिस बनून प्रश्न काढायचे. मग एकेकाला वेगवेगळं आत बोलवून उलटतपासणी. माझ्याकडे एकाने सांगितलं डब्यात झुणका होता, दुसरा म्हणे आम्ही जेवलोच नाही, झालं, वर्ग नुसता तुटून पडला. यात एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल, कागदावर पैकीच्या पैकी घेणारा पण घाईत 'व्हाय यू डिड नॉट ईट?' असंच विचारतो. लगेच टोकू नका हां, तिथेच खेळ मरतो. मागे बसून वहीत लिहून घ्या, शेवटच्या दहा मिनिटात नाव न घेता फळ्यावर मांडा आणि त्यांनाच दुरुस्त करू द्या.

ग्रामरवाल्यांना खुमखुमी असेलच, तर एखाद दिवशी वाक्यांची हर्रास लावा. चार टोळ्या, प्रत्येकीला हजार रुपये (तोंडी हो!), फळ्यावर दहा वाक्यं, त्यातली काही चुकीची, बरोबर वाटेल त्यावर बोली. 'वुई डिस्कस्ड अबाऊट द प्रॉब्लेम' यावर हमखास चढी बोली लागते आणि पैसे बुडतात, आणि 'द न्यूज इज बॅड' बरोबर असून कोणी हात लावत नाही. पण यात बोलणं कमी होतं, म्हणून महिन्यातून एकदाच.

दंडाचं म्हणाल तर ठेवू नका. दंड लावला की आधीच गप्प असलेला आणखीन गप्प बसतो. व्हरांड्यात गोष्ट जुळवताना खुशाल वऱ्हाडीत बोलू द्या, प्लॅन तर डोक्यात त्याच भाषेत होतो ना, आत आल्यावर मात्र फक्त इंग्लिश, एवढा एकच नियम. शब्द अडला तर दुसऱ्या शब्दांत समजावून सांगायचं, टॅबूची सवय तिथे कामी येते.

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ॲलिबायला १२-१५ जण तरी लागतात आणि कापूस वेचणीच्या दिवसात तुमचा अर्धा वर्ग शेतात असणार. तेव्हा एक मिनिटाचा गेम घ्या, बीबीसी रेडिओवर १९६७ पासून चालत आलेला आहे, दिलेल्या विषयावर ६० सेकंद बोलायचं, अडखळायचं नाही, शब्द परत वापरायचा नाही, विषय सोडायचा नाही, कोणी चूक पकडली की उरलेले सेकंद त्याचे. चार जण आले तरी मस्त रंगतो, आणि विषय म्हणून 'आमची एसटी' द्या, त्यावर साठ सेकंद कमीच पडतात.