ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाचं रेशन कार्ड गावाकडे असेल तर मुलांना इथल्या अंगणवाडीत आहार मिळतो का?

हो, मिळतो. अंगणवाडीच्या आहारासाठी रेशन कार्ड लागतच नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 5 नुसार 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांना तो मोफत मिळतो, आणि कलम 4 नुसार गरोदर व स्तनदा मातांनाही. 3 वर्षांपर्यंतच्या बाळाला घरी नेण्याची पाकिटं, त्यापुढच्यांना नाश्ता आणि गरम जेवण. हा आहार त्यांचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. कुपोषित मुलाला जास्त आहार मिळतो. म्हणून पहिल्याच दिवशी सेविकाताईंकडून वजन आणि दंडघेर मोजून घ्या. दंड मोजायची रंगीत पट्टी 11.5 सेंटीमीटरच्या खाली, लाल भागात आली तर ते तीव्र कुपोषण. मग एक दिवसही थांबू नका, बाळाला आरोग्य केंद्रात न्या.

अडचण एकच येते: नाव गावच्या अंगणवाडीत नोंदलेलं असतं. ते पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर, इकडे वळवून घ्यावं लागतं, त्यासाठी आईचं आधार जवळ ठेवा. बाळाचं नसलं तरी चालतं. तरीही कुणी परत पाठवलं तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.