मुलाचे हिरवे चौकोन मोजणं थांबवा

सप्रेम नमस्कार,

तुमचा मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'गूगल समर ऑफ कोड'मध्ये (ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा प्रकल्पांवर काम करायचा गूगलचा कार्यक्रम) निवड व्हावी म्हणून तुम्ही त्याला महिन्याला तीस पुल रिक्वेस्टचं, म्हणजे अशा प्रकल्पांच्या कोडमध्ये तीस बदल सुचवण्याचं, टार्गेट दिलंत. पहिलीच रिक्वेस्ट मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, बंद केली आणि तेव्हापासून तो लॅपटॉप उघडत नाही. 'हे फील्ड त्याचं नाही का?' असं तुम्ही विचारता. मला मात्र तुमचं दुसरंच वाक्य टोचलं: 'रोज रात्री मी त्याच्या गिटहब प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन बघतो.' गिटहब ही कोड ठेवायची साइट; ज्या दिवशी काम नोंदलं जातं, त्या दिवसाचा चौकोन तिथे हिरवा होतो.

हे आजच बंद करा. त्याने पहिल्यांदाच आपला कोड परक्या माणसांपुढे ठेवला आणि तो नाकारला गेला. एवढं पचवायला त्याला चार दिवस लागणारच. त्यात रोज रात्री घरात विचारणा, आजचा चौकोन रिकामा का? शेजाऱ्यांच्या मुलाची निवड झाल्याचं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलं आहे. घरात किती वेळा बोलला असाल? अशा धाकात लॅपटॉप उघडावासा वाटणार तरी कसा?

आता आकड्यांचा गैरसमज. स्वतःच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) रोज एक स्वल्पविराम बदलला तरी चौकोन हिरवा होतो. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, टी-शर्टसाठी लोकांनी फालतू पुल रिक्वेस्टचा इतका पूर आणला, की आयोजकांना नियम मधेच बदलावे लागले. स्वतःहून सहभागी झालेल्या प्रकल्पांतल्याच रिक्वेस्ट धरायचं ठरलं. 2024 मध्ये 'एक्सप्रेस' या वेब प्रकल्पाच्या रीडमी (माहितीच्या) फाइलमध्ये नुसतं आपलं नाव घालणाऱ्या रिक्वेस्टचा असाच मारा झाला. त्या बंद करत बसणारे मेंटेनर बहुतेकदा नोकरी सांभाळून, फुकट काम करणारे असतात. महिन्याला तीसचं टार्गेट तुमच्या मुलालाही त्याच रांगेत नेऊन उभं करेल. समर ऑफ कोडचे मेंटॉर प्रस्ताव वाचतात, उमेदवार आधी प्रकल्पात कसा वागला ते बघतात. शिवाय 2022 पासून तिथे विद्यार्थी असण्याची सक्ती नाही; वय 18 पूर्ण हवं आणि ओपन सोर्समध्ये नवखा असला तरी चालतं. मग एवढी घाई कसली?



पुढचं मुलासाठी. तुझी रिक्वेस्ट बंद करताना मेंटेनरने लिहिलंय की त्या इश्यूवर (नोंदवलेल्या अडचणीवर) आधीच कुणी काम करतंय आणि सोबत टेस्ट (बदल नीट चालतो का ते तपासणारा कोड) नाही. दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या आहेत, तुझ्या कुवतीवर त्यात एक शब्द नाही. आभार मानून तिथेच विचार, दुसरा कुठला इश्यू मोकळा आहे का. किंवा तू रोज वापरतोस असं एखादं सॉफ्टवेअर घे. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरकडे नवख्यांसाठी 'इझी हॅक्स'ची, म्हणजे सोप्या कामांची, यादी आहे. फक्त त्याचं बिल्ड (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करणं) साध्या लॅपटॉपवर तासन् तास चालतं, तेव्हा सुरुवातीला छोटा प्रकल्प बरा. आधी कॉन्ट्रिब्युटिंग फाइल (योगदान कसं द्यायचं ते सांगणारी) वाच, बिल्ड कर, टेस्ट चालव. बग तुझ्या मशीनवर दिसला की इश्यूखाली तसं लिही. हेही योगदानच आहे. मग एका रिक्वेस्टमध्ये एकच बदल, सोबत टेस्ट. रिव्ह्यूमध्ये सुधारणा सुचवल्या तर त्याच ब्रँचवर (कोडच्या त्याच प्रतीवर) कर, नवी रिक्वेस्ट उघडू नकोस. उत्तराला आठवडेही लागतात, रोज आठवण करू नकोस. पहिला बदल मर्ज व्हायला, म्हणजे प्रकल्पात सामील व्हायला, पूर्ण सेमिस्टर गेलं तरी मला चालेल.

बाबा, तीसचं टार्गेट मागे घेतल्याचं त्याला आधी स्वतःच्या तोंडाने सांगा, मग हे पत्र त्याच्या हातात द्या.