अंटार्क्टिकावर उल्का जास्त पडतात का? आणि टुरिस्ट म्हणून गेलं तर एखादा दगड आणता येतो का?

नाही, जास्त पडत नाहीत, उलट विषुववृत्ताकडे पडतात त्यापेक्षा ध्रुवांकडे थोड्या कमीच. तरी जगात आजवर सापडलेल्या अशनींपैकी (म्हणजे जमिनीपर्यंत पोचलेल्या उल्कांच्या दगडांपैकी) निम्म्याहून जास्त एकट्या अंटार्क्टिकातले आहेत. आपल्याकडे एखादा पडला तर पावसापाण्याने गंजतो, शिवाय दख्खनच्या काळ्या कातळात तो एक काळा दगड ओळखणार कोण. तिकडे थंडी कोरडी, आणि बर्फावर काळं काही दिसलं की लांबूनच नजरेत भरतं.

पण मुख्य काम बर्फाचंच. पठारावर दगड पडतो, त्यावर बर्फ साचत जातो, तो गाडला जातो आणि बर्फ समुद्राकडे सरकतो तसा तोही सोबत निघतो. वाटेत डोंगर आडवा आला की बर्फ तिथे अडतो, वर चढतो, आणि पठारावरून उतरणारा कोरडा वारा त्याला खात राहतो, पाणी न होता थेट वाफ होऊन दरवर्षी काही सेंटिमीटर बर्फ उडून जातो. दगड मात्र राहतात. हजारो वर्षं हेच चालू असतं, म्हणून निळ्या बर्फाच्या ठराविक पट्ट्यांत ते जमा होतात.

हे कळलं कसं ते मला सगळ्यात भारी वाटतं. 1969 ला एक जपानी टीम यामातो पर्वताजवळ बर्फाची हालचाल मोजत होती, अशनी शोधायला गेलीच नव्हती, तर त्यांना जवळजवळ पडलेले 9 दगड मिळाले. एकच मोठा दगड फुटला असता तर सगळे तुकडे एकाच जातीचे निघाले असते, पण तपासल्यावर जाती वेगवेगळ्या निघाल्या, म्हणजे ते वेगवेगळ्या वेळी पडलेले होते आणि बर्फाने एका जागी आणले होते. मग विल्यम कॅसिडी या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1976 मध्ये अमेरिकेची अशनी शोधायची ॲन्समेट मोहीम सुरू केली, त्यांच्याकडे आता 20,000 च्या वर नमुने आहेत. शोधतात अजूनही डोळ्यांनीच, स्नोमोबाइल थोड्या थोड्या अंतरावर रांगेत लावून. सापडला की हात लावत नाहीत, नंबर, फोटो, जागेची नोंद, मग स्वच्छ टेफ्लॉनच्या पिशवीत, आणि गोठलेल्या अवस्थेतच ह्यूस्टनला, नासाच्या केंद्रात. वरची जळून झालेली काळी साल जेमतेम मिलिमीटरभर असते, आतला दगड बऱ्याचदा 450 कोटी वर्षांहून जुना. ॲलन हिल्सला 1984 मध्ये सापडलेला एक तर मंगळावरून आलेला निघाला, दोन किलोपेक्षा थोडा कमी वजनाचा.

टुरिस्टना तिथला कुठलाच दगड आणायला परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे, जागेची नोंद गेली की अर्धी माहिती गेली.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. काळा दगड उन्हात तापतो, हवा शून्याखाली असली तरी खालचा बर्फ वितळवून आत जातो, आणि एकदा आत गेला की दिसत नाही. 2024 च्या एका अभ्यासात असे वर्षाला सुमारे 5,000 जात असल्याचा अंदाज आहे, आणि तापमान वाढेल तसा हा आकडाही वाढणार. आपलं मैत्री स्टेशन, म्हणजे अंटार्क्टिकावरचं भारताचं संशोधन केंद्र, ज्या क्वीन मॉड लँड भागात आहे तिथेच हा यामातो पर्वत येतो, त्यामुळे आपल्या जिऑलॉजीच्या पोरांना दर उन्हाळ्यात फक्त याच कामासाठी पाठवावं असं मला मनापासून वाटतं.