इंजिन पास, दिवे नापास

परदेशातून आणलेली स्पोर्ट्स कार रस्त्यावर कायदेशीर उतरवण्याबद्दल आलेले काही प्रश्न.

प्रश्न : जपानमधली पंचवीसेक वर्षं जुनी स्पोर्ट्स कार मागवायचा विचार आहे. पैसे भरण्याआधी काय पाहू?

उत्तर : आधी कागद, मग गाडी. अमेरिकेत २५ वर्षं पुरी झालेल्या गाडीला तिथल्या सुरक्षा-मानकांतून सूट मिळते, कॅनडात १५ वर्षांनी. हे वय मोजतात ते गाडी बनली त्या महिन्यापासून. ‘मॉडेल अमुक सालचं’ या बोलण्याला काही अर्थ नाही. जपानी कागदावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो आणि गाडी त्याच्या आधी बनलेली असते. सूट हवी असेल तर हा फरक तुमच्या पथ्यावर पडतो. पण ‘इतक्या वर्षांहून जुनी गाडी नको’ असा नियम असलेल्या देशात तोच अंगाशी येतो. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवर बहुधा साल छापलेलं असतं. तो पुरावा नव्हे, पण शंका घ्यायला पुरेसा.

दुसरं म्हणजे चेसिस नंबर. जपानी बाजारातल्या गाडीचा नंबर १७ अक्षरी नसतो. निस्सान स्कायलाइन जीटी-आरचा ‘बीएनआर३२’ आणि पुढे सहा आकडे, एवढाच. १७ रकाने भरल्याशिवाय पुढे न सरकणारा फॉर्म असेल तर काय करायचं, हे नोंदणी कार्यालयाला आधीच विचारून ठेवा. आणि पत्र्यावर ठोकलेल्या नंबरचा फोटो मागा, नुसत्या पाटीचा नको.

प्रश्न : आमच्याकडे वाहतूक डावीकडून चालते, गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशातली आहे. मेकॅनिक म्हणतो, दिवे थोडे खाली केले की झालं. खरंच?

उत्तर : नाही. लो बीमचा, म्हणजे खाली वळवलेल्या हेडलाइटचा, झोत दोन्ही बाजूंना सारखा नसतो. रस्त्याच्या कडेला तो साधारण १५ अंशांनी वर चढतो, म्हणजे पाटी दिसते, पायी चालणारा दिसतो. समोरून येणाऱ्याच्या बाजूला मात्र तो सपाट कापलेला असतो. तुमच्या गाडीत ही चढती बाजू नेमकी समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाणार. दिवा खाली केलात तर त्याचा त्रास जरा कमी होईल, पण झोताचा आकार तोच राहील आणि तुमचाच रस्ता अंधारात जाईल.

घरीच पाहता येतं. टायरमध्ये हवा बरोबर ठेवून गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा, तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी रेघ मारा. एका दिव्यापुढे पुठ्ठा धरून दुसरा पाहा. झोताची सपाट कड खालच्या रेघेच्या आसपास हवी आणि चढ डावीकडे हवा. उजवीकडे चढत असेल तर स्क्रू फिरवून काही होणार नाही.

काचेवरही लिहिलेलं असतं. वर्तुळातलं ‘ई’ आणि शेजारी आकडा असेल तर दिवा संयुक्त राष्ट्रांच्या मानकाचा. त्याखाली बाण नसेल तर तो उजव्या वाहतुकीचा. समोर उभं राहून पाहताना बाण आपल्या उजवीकडे असेल तर डाव्या वाहतुकीचा. दुतोंडी बाण म्हणजे दोन्हीकडे चालणारा. अशा दिव्याच्या आत बहुधा एक खटका असतो, तो सरकवला की काम झालं. नुसती ‘डॉट’ (DOT) ही अक्षरं असतील तर दिवा अमेरिकी मानकाचा.

काचेवर काळी पट्टी चिकटवणं ही काही दिवसांसाठी गाडी नेणाऱ्या प्रवाशाची सोय. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालणं त्याहून वाईट. फिलामेंटच्या जागेपासून प्रकाशाचा बिंदू जरासा हलला तरी झोत विस्कटतो. पूर्ण हेडलॅम्प जोडी बदला.

मागेही पाहा. अनेक अमेरिकी गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर लाल काचेमागच्या एकाच फिलामेंटवर चालतात. जिथे पिवळा इंडिकेटर सक्तीचा, तिथे नुसती काच बदलून भागत नाही, वायरिंग वेगळं करावं लागतं. मागचा फॉगलॅम्प सक्तीचा असेल आणि एकच लावणार असाल तर तो रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला, ब्रेक लाइटपासून १० सेंटिमीटरहून जास्त अंतरावर हवा. हेडलाइट बंद असताना तो लागता कामा नये. रिव्हर्स लाइटच्या वायरवरून जोडलेला फॉगलॅम्प तपासणीत हमखास पकडला जातो.

प्रश्न : इंजिन ठणठणीत आहे, डॅशवर इशाऱ्याचा एकही दिवा नाही. तरी प्रदूषण चाचणीत ‘तयार नाही’ असं का येतं?

उत्तर : जहाजात चढवताना बॅटरी काढली असणार. त्यासोबत ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, स्वतः घेतलेल्या चाचण्यांचे निकालही पुसले जातात. चाचणीच्या आदल्या रात्री स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसलात तरी हेच होतं. टाकी अर्धी ठेवून काही दिवस गाडी चालवा: रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करणं, थोडा गर्दीचा रस्ता, थोडा एकसमान वेगाचा. मग त्या चाचण्या पुऱ्या झाल्यात का ते स्कॅनर लावून पाहा आणि त्यानंतरच जा. नळकांड्यातून गॅस मोजणार असतील तर गाडी तापलेली न्या. धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असताना काम करत नाही. इंजिनाच्या मिनिटाला २,५०० ते ३,००० फेऱ्यांवर लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. तो वर गेला तर इंजिन खोलण्याआधी एक्झॉस्टची गॅस्केट तपासा, बहुतेकदा तिथूनच हवा आत ओढली जाते. आधीच्या मालकाने कन्व्हर्टर काढून सरळ पाइप बसवलाय का, तेही खालून पाहून घ्या.

प्रश्न : स्पीडोमीटर मैलांत आहे. वर किलोमीटरचं स्टिकर चालेल?

उत्तर : काही ठिकाणी चालतं, पण डायल बदलणं बरं. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवता कामा नये. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर. मोठे टायर बसवले असतील तर काटा मागे पडतो, म्हणून जीपीएसशी ताडून पाहा. आणि मीटर उघडण्याआधी मैलांतलं रीडिंग तारखेसह लेखी नोंदवून घ्या, नाहीतर गाडी विकताना आकडा मागे फिरवल्याचा संशय तुमच्यावरच येईल.