सगळा बोनस समुद्रासाठी द्यावा का?

प्रश्न: चार पगारांएवढा बोनस मिळाला आहे. समुद्र, वन्यजीव आणि हवामानासाठी मोहिमा चालवणाऱ्या ग्रीनपीस या संस्थेला तो सगळाच द्यावा, असं मनात आहे. क्रेडिट कार्डाची एका पगाराएवढी थकबाकी आहे आणि शिल्लक जेमतेम दीड महिना पुरेल एवढी. पण वेळ हातातून चालला आहे, मग थांबून काय उपयोग?

उत्तर: द्या. पण सगळा देऊ नका, आणि एकदा देऊन मोकळेही होऊ नका.

तुमची तळमळ खरी आहे आणि घाईही रास्त आहे. फक्त या मोहिमा किती काळ चालतात ते पाहा. खुल्या समुद्राच्या संरक्षणाचा करार घ्या. संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी कार्यगट नेमला २००४ मध्ये. मसुदा मंजूर झाला जून २०२३ मध्ये. साठाव्या देशाने मान्यता दिली सप्टेंबर २०२५ मध्ये, तेव्हा कुठे जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. एवढी वर्षं कुणीतरी बैठकांना हजर राहत होतं, मसुद्यातल्या एकेका शब्दावर अडून बसत होतं, सरकारांच्या मागे लागत होतं. त्या माणसांना दर महिन्याला पगार लागतो. व्हेलच्या शिकारीचंही तसंच. ग्रीनपीसची बोट १९७५ मध्ये शिकारी जहाजांच्या आड गेली आणि व्यापारी शिकारीवरच्या बंदीचा ठराव झाला १९८२ मध्ये. ही संस्था सरकारांकडून किंवा कंपन्यांकडून पैसे घेत नाही, म्हणजे सगळी भिस्त सामान्य देणगीदारांवर. दर महिन्याला खात्रीने येणारी रक्कम असेल तरच अशी संस्था पुढच्या वर्षासाठी वकील किंवा संशोधक नेमू शकते. म्हणून तुम्ही दहा वर्षं देणगीदार राहणं मला मोलाचं वाटतं, आणि त्यासाठी आधी तुमचं घर सावरलेलं हवं.

आता चार पगारांची वाटणी. एक पगार कार्डाला, आजच. त्यावरचं व्याज चालू ठेवून दान देणं म्हणजे ऋण काढून सण करणं. दोन पगार आपत्कालीन निधीत. उरलेल्या एकातला अर्धा लगेच संस्थेला द्या. दुसरा अर्धा वेगळ्या खात्यात ठेवून बारा महिन्यांत ऑटो-डेबिटने जाऊ द्या. महिन्याला पगाराच्या साधारण ४ टक्के होतात. कार्डाचा हप्ता सुटल्यामुळे पुढच्या वर्षी हीच रक्कम पगारातून सहज निघेल.

करसवलतीचं आधी विचारून घ्या. अमेरिकेत ग्रीनपीस इन्कॉर्पोरेटेडला दिलेल्या देणगीवर सवलत नाही, ग्रीनपीस फंडला दिलेल्यावर आहे, कारण कायदे बदलण्यासाठी दबाव आणणाऱ्या कामाला तिथला करकायदा वेगळ्या खान्यात टाकतो. सवलत नसली तरी मी हात आखडता घेणार नाही. तुम्हाला हवं आहे ते कामच हे आहे.

संस्थेचा ताळेबंद मात्र वाचा. पगारावरचा खर्च मोठा दिसला म्हणून बिचकू नका. मोहीम माणसंच चालवतात. मी आधी दोन गोष्टी बघतो: गंगाजळी किती महिने पुरेल, आणि कोर्टात काय चाललं आहे. मार्च २०२५ मध्ये नॉर्थ डकोटातल्या ज्युरीने तेलवाहिनी कंपनीच्या दाव्यात ग्रीनपीसच्या संस्थांवर ६६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई लादली. न्यायाधीशांनी नंतर ती जवळपास निम्म्यावर आणली, तरी आकडा प्रचंडच आहे. मोठ्या कंपन्यांना अडवणाऱ्यांना ही जोखीम असतेच. माझ्या मते त्यामुळे देणगी थांबवू नये. मात्र आपण कोणत्या देशातल्या, कोणत्या नोंदणीच्या संस्थेला पैसे देतो आहोत ते पावतीवर नीट पाहावं.

आणखी एक. तुमच्या पेन्शनचे आणि म्युच्युअल फंडांचे पैसे कुठे गुंतले आहेत ते कधी पाहिलंत? निर्देशांकावर चालणाऱ्या बहुतेक फंडांत तेल कंपन्यांचे शेअर असतात, आणि ती रक्कम तुमच्या वर्षभराच्या देणगीपेक्षा मोठी असू शकते. नावात ‘हरित’ आहे म्हणून विश्वास टाकू नका, गुंतवणुकीची पूर्ण यादी मागवा. फंड बदलायचा झाला तर आधी खर्चाचं प्रमाण आणि बाहेर पडण्याचं शुल्क तपासा, आणि यादी हाती आली की मला पाठवा.